मुंबई-ठाण्यात लाखो घरं रिकामी आहेत म्हणतात, मग किमती आणि भाडी उतरत का नाहीत?

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचा मी 6 वर्षं सेक्रेटरी होतो, तेव्हा कुलूपबंद फ्लॅटांशी माझी चांगलीच ओळख आहे. आमच्या 48 पैकी 9 घरांत संध्याकाळी दिवा लागत नाही. त्यातल्या एकाही मालकाला घर विकायचं नाही, म्हणजे ती घरं बाजारात आलेलीच नाहीत. बाजारात नसलेल्या घरामुळे भाव कसा पडणार?

लाखांचा आकडा खोटा नाही, जुना आहे. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत 2011 च्या जनगणनेवरून मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी दाखवली होती, देशात सर्वाधिक.

आता मालकाच्या बाजूने बघा. 1 कोटीच्या फ्लॅटला महिना 25 हजार भाडं मिळालं तर वर्षाला 3 टक्के सुटतात. बँकेत एफडी केली तरी याहून जास्त मिळतात. म्हणजे घर घेतलं ते भाव वाढेल म्हणून, भाडं मिळालं तर वरकमाई. त्या वरकमाईसाठी रंगरंगोटी करा, एजंटला ब्रोकरेज द्या, पोलीस व्हेरिफिकेशन करा, शिवाय "उद्या भाडेकरू निघालाच नाही तर?" ही धाकधूक. ही भीती पागडीच्या काळातली, म्हणजे एकदा ठोक रक्कम देऊन मग नाममात्र भाड्यावर कायमचं राहायच्या पद्धतीतली. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य झालं. आज कायदा वेगळा आहे. 1999 च्या कायद्यात लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळापुरत्या भाडेकराराची, मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर दुप्पट भाड्याने भरपाईची तरतूद आहे. पण आमच्या एका सभासदाला मी हे सांगितलं तर म्हणाला, "कलम ठीक आहे हो, पण खेटे कोण घालणार?" त्याचंही अगदीच चूक नाही.

सगळ्यात गमतीची गोष्ट सोसायटीच्या बिलातली. घर भाड्याने दिलं की मालकाला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लागतो. नाव बघा आणि लागतो कधी ते बघा! घरात माणसं राहतात तेव्हा. कुलूप लावून ठेवलं तर हा चार्ज नाही. पूर्वी सोसायट्या मनाला येईल तेवढा लावायच्या, 2001 च्या सरकारी आदेशाने तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर आणला. रक्कम आता किरकोळ आहे, पण दंड कोणाला आणि मोकळीक कोणाला हे त्यातून कळतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने 2017 पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर लावला, आपल्याकडे उलटी गंगा.

नवीन घरं बांधली की प्रश्न सुटेल, असं बिल्डर म्हणतात. थोडंफार खरं आहे. पण अंधेरीला नोकरी करणाऱ्याला वसईजवळच्या नायगावचं स्वस्त घर म्हणजे लोकलचे रोजचे धक्के, आणि जवळ जे बांधलं जातं ते 80 लाख कर्ज काढणाऱ्यासाठी. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता जवळपास 69 हजार पडतो. तेवढा पगारसुद्धा किती जणांना असतो?

तुम्ही स्वतः भाड्याचं घर शोधत असाल तर एक करा. आवडलेल्या सोसायटीत जाऊन थेट सेक्रेटरीला विचारा, कुठला फ्लॅट बंद आहे. एजंटच्या यादीत नसलेली घरं त्याला ठाऊक असतात. आमच्याकडचे 2 फ्लॅट असेच लागले, कारण बंद घरात पावसाळ्यात ओल धरली आणि मालक वैतागले होते.