ग्रंथालय उघडे असण्याची वेळ हीच पहिली सेवा

लहान शहरातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या सेवा आणि उपक्रम यांविषयी वाचकांनी पाठविलेल्या प्रश्नांना या वेळचे सदर दिले आहे. काही प्रश्न सभासदांचे आहेत, काही ग्रंथालय चालविणाऱ्यांचे आहेत, आणि दोघांच्या तक्रारी पुष्कळदा एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

प्रश्न : मी एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर आहे. वर्षभर आम्ही व्याख्याने, ग्रंथप्रदर्शने, स्पर्धा घेतो आणि सभागृह भरतेही. परंतु पुस्तकांच्या देवघेवीचे आकडे जागचे हलत नाहीत. आमचे कोठे चुकते?

उत्तर : सभागृहात आलेला माणूस कपाटांपर्यंत का पोहोचत नाही, हे समजून घ्यायचे असेल तर कार्यक्रमाच्या दिवशीचे आपले ग्रंथालय एकदा त्रयस्थाच्या नजरेने पाहावे. बहुतेक ठिकाणी त्या दिवशी ‘कार्यक्रमानिमित्त देवघेव बंद’ अशी पाटी लागलेली असते, कपाटांसमोर खुर्च्या मांडलेल्या असतात आणि ग्रंथपाल पाहुण्यांच्या स्वागतात गुंतलेले असतात. म्हणजे ज्या दिवशी सर्वाधिक नवे लोक इमारतीत येतात, नेमके त्याच दिवशी त्यांना पुस्तक मिळत नाही. व्याख्यान पक्ष्यांवर असेल तर पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीतील ५९८ या वर्गाची, म्हणजे पक्ष्यांवरची, जेवढी पुस्तके संग्रहात आहेत तेवढी सगळी, त्यांच्या जोडीला एखादे प्रवासवर्णन आणि मुलांसाठीची दोन-चार सचित्र पुस्तके सभागृहाच्या दाराजवळच्या टेबलावर मांडावीत, शेजारी सभासदत्वाचे अर्ज ठेवावेत आणि त्याच टेबलावर पुस्तक नोंदवून देण्याची सोय करावी. व्याख्यान ऐकून बाहेर पडतानाची उत्सुकता दुसऱ्या दिवसापर्यंत टिकेलच असे नाही.

याहून मोठा प्रश्न वेळेचा आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रांपैकी पहिले सूत्र ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असे असून, त्याचे विवेचन करताना त्यांनी ग्रंथालयाची जागा, उघडण्याच्या वेळा, बसण्याची व्यवस्था आणि सेवकवर्ग अशा अगदी व्यावहारिक बाबींचा विचार केला आहे. नोकरदारांच्या कामाच्या तासांतच उघडे राहणारे आणि सुट्टीच्या दिवशी बंद असणारे ग्रंथालय कितीही कार्यक्रम करो, ते निवृत्त मंडळी आणि परीक्षार्थी यांच्यापुरतेच उरते. मनुष्यबळ वाढविणे शक्य नसेल तर एकूण तास तेवढेच ठेवून आठवड्यातील दोन दिवस सकाळऐवजी संध्याकाळी उशिरापर्यंत ग्रंथालय उघडे ठेवून पाहावे, आणि हा बदल निदान सहा महिने टिकवावा, कारण वेळ बदलली आहे हे गावभर कळायलाच काही आठवडे जातात. वर्षातून एकदा होणाऱ्या भव्य सोहळ्यापेक्षा दर महिन्याच्या ठरलेल्या शनिवारी न चुकता बसणारे आठ-दहा जणांचे वाचक मंडळ मला अधिक मोलाचे वाटते. त्याची बातमी छापून येत नाही, ही त्यातली एकमेव अडचण.

आकड्यांविषयी आणखी एक सूचना करावीशी वाटते. देवघेवीबरोबरच ग्रंथालयातच बसून वाचणारे, संगणक वापरणारे आणि संदर्भासाठी प्रश्न विचारणारे यांचीही नोंद ठेवावी. मात्र देवघेव घटली आहे हे झाकण्यासाठी ती नोंद पुढे करू नये.

प्रश्न : ग्रंथालयातील गोष्टींच्या तासाला मी माझ्या चार वर्षांच्या मुलीला नेते. ती पाच मिनिटांत उठून कपाटांकडे पळते आणि मला ओशाळल्यासारखे होते. तिला नेणे थांबवावे का?

उत्तर : मुळीच थांबवू नये. कपाटांकडे पळणारे मूल योग्य दिशेने पळत आहे. त्या वयाच्या मुलांसाठीचा उपक्रम वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा लांबवू नये, आणि त्यातही एक गोष्ट, मग हातवाऱ्यांचे गाणे, मग दुसरी छोटी गोष्ट असा क्रम असावा. सांगणाऱ्याने पुस्तक मुलांकडे उघडे धरून, चित्रावर बोट ठेवत वाचावे; तोंडपाठ गोष्ट अभिनयासह सांगणे ही वेगळी कला आहे आणि तिचे आपले स्थान आहे, पण पुस्तकात डोकावले की गोष्ट सापडते हा अनुभव त्यातून मिळत नाही. आपल्या ग्रंथालयात बालविभागाची कपाटे मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीची असतील आणि पुस्तकांची मुखपृष्ठे समोरून दिसतील अशी मांडलेली असतील, तर निम्मे काम तेथेच होते. कुलूपबंद काचेच्या कपाटातून चार वर्षांच्या मुलाने पुस्तक निवडावे ही अपेक्षा चमत्कारिक आहे.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात उशिरा परत केलेल्या पुस्तकांवर दंड आकारला जातो. दंड बंद केला तर पुस्तके परतच येणार नाहीत, असे ग्रंथपाल म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : अनुभव याच्या उलट सांगतो. अमेरिकेतील शिकागो शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये विलंबदंड रद्द केला, तेव्हा दीर्घकाळ थकलेली पुस्तके घेऊन लोक परत येऊ लागले आणि परतीचे प्रमाण लक्षणीय वाढले. कारण उघड आहे : दंड जसजसा साचत जातो तसतशी ग्रंथालयाची पायरी चढण्याची लाज वाढत जाते, आणि शेवटी पुस्तकही जाते व सभासदही जातो. ज्यांना दंड परवडतो त्यांना तो उशिराचे भाडे वाटतो, आणि ज्यांना परवडत नाही, त्यात मुले प्रामुख्याने येतात, ते ग्रंथालय सोडतात.

मात्र दंड रद्द करणे म्हणजे शिस्त रद्द करणे नव्हे. मुदत संपण्याच्या आधी आठवण देणारा संदेश, दुसऱ्या कोणी मागणी नोंदवलेली नसेल तर आपोआप मुदतवाढ, थकीत पुस्तक परत येईपर्यंत नवे पुस्तक न देणे आणि ठरावीक काळानंतर पुस्तक हरवले असे मानून त्याची किंमत मागणे, या चार गोष्टी नेटाने केल्या तर दंडाची गरज उरत नाही. हरवलेले मानलेले पुस्तक परत आल्यास किमतीची मागणी विनातक्रार मागे घ्यावी. ग्रंथपालांच्या भीतीत तथ्य असलेच तर ते या दुसऱ्या भागात आहे. आठवण देण्याचे काम नियमित होत नसेल तर दंड असो वा नसो, पुस्तके अडकतातच.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांचा सुमारे तीनशे पुस्तकांचा संग्रह आम्ही ग्रंथालयाला देऊ केला. ‘यादी द्या, त्यातून निवडून घेऊ’ असे उत्तर मिळाले. हा त्या संग्रहाचा अवमान नाही का?

उत्तर : आपले दुःख समजू शकते, तरीही ग्रंथालयाने दिलेले उत्तर जबाबदारीचे आहे असेच मी म्हणेन. भेट आलेले पुस्तक ग्रंथालयाला फुकट पडत नाही. त्याची दाखलनोंद करायची, वर्गांक ठरवायचा, तालिकेत नोंद घ्यायची, पाठीवर चिठ्ठी लावायची, शिक्के मारायचे आणि मग पुढील कित्येक वर्षे त्याला कपाटात जागा द्यायची. शिवाय ग्रंथपरिगणनाच्या, म्हणजे संग्रहाच्या मोजणीच्या, वेळी दरवर्षी ते शोधून त्याच्यापुढे खूण करायची. त्याच कादंबरीच्या तीन प्रती आधीच असतील किंवा कायद्याचे, वैद्यकाचे, संगणकाचे पुस्तक कालबाह्य झाले असेल, तर एवढा खटाटोप कोणाच्याच उपयोगाचा नाही. वैद्यकाच्या जुन्या पुस्तकाने तर अपायही होऊ शकतो.

आपण यादी करताना लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष आणि पुस्तकाची अवस्था लिहावी, आणि वडिलांनी समासात टिपा लिहिलेली, लेखकाची स्वाक्षरी असलेली किंवा स्थानिक विषयांवरची पुस्तके वेगळी दाखवावीत, कारण अशा प्रतींचे मोल त्या एका प्रतीपुरते असते. न निवडलेल्या पुस्तकांचे ग्रंथालय काय करणार, हे आधीच लेखी ठरवून घ्यावे. ‘संग्रह अखंड ठेवावा, वेगळ्या कपाटात ठेवावा’ अशी अट मात्र घालू नये. वेगळ्या कपाटातल्या पुस्तकांवर नाव राहते, वाचक राहत नाहीत.

प्रश्न : मला हवे असलेले पुस्तक आमच्या छोट्या ग्रंथालयात कधीच नसते. शिवाय ई-पुस्तकांसाठीसुद्धा प्रतीक्षायादी असते, हे तर अनाकलनीय आहे. यावर उपाय काय?

उत्तर : कोणतेही ग्रंथालय स्वतःच्या संग्रहावर सगळ्यांची गरज भागवू शकत नाही, आणि म्हणूनच आंतरग्रंथालयीन देवघेव ही व्यवस्था अस्तित्वात आली. आपले ग्रंथालय दुसऱ्या ग्रंथालयाकडून आपल्यासाठी ठरावीक मुदतीकरिता पुस्तक मागवते. ही सेवा असूनही पुष्कळ सभासदांना तिची कल्पना नसते, कारण ती कोठे लिहिलेली नसते; तेव्हा प्रथम विचारावे. सेवा नसेल तर खरेदीसाठी पुस्तक सुचविण्याची वही किंवा अर्ज मागावा आणि सुचविलेल्या पुस्तकाचे काय झाले याचे उत्तरही मागावे. संग्रह संगणकीकृत नसल्यामुळे देवघेव अशक्य आहे असे सांगितले जात असेल, तर न्यूझीलंडमधील होरोफेनुआ या लहानशा भागाच्या ग्रंथालयांचे उदाहरण द्यावे. त्यांनी स्वतःच्या गरजेसाठी ‘कोहा’ ही ग्रंथालयाच्या कामकाजाची मुक्त संगणकप्रणाली तयार करून घेतली, ती २००० च्या आरंभी कार्यान्वित झाली, आणि आज जगभरातील असंख्य ग्रंथालये ती परवानाशुल्क न भरता वापरतात.

ई-पुस्तकाच्या प्रतीक्षायादीचे कारण तांत्रिक नसून कराराचे आहे. ग्रंथालय बहुधा ई-पुस्तक विकत घेत नाही, त्याचा परवाना घेते, आणि अनेक परवान्यांत एका वेळी एकाच वाचकाला पुस्तक देता येते. काही परवाने मुदतीने संपतात, काही वापराच्या संख्येने. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये २६ देवघेवींनंतर परवाना संपेल अशी अट घातली होती आणि त्यावर ग्रंथपालांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयाला गावातील जुनी छायाचित्रे, पत्रे आणि संस्थांची इतिवृत्ते गोळा करायची आहेत. सुरुवात कशी करावी?

उत्तर : लहान ग्रंथालयाने हाती घ्यावे असे यासारखे दुसरे काम नाही, कारण बाकीची पुस्तके इतरत्र मिळतील, हे कागद मिळणार नाहीत. सुरुवात मूळ वस्तू ताब्यात घेण्यापासून करू नये. ‘छायाचित्रे घेऊन या, प्रत काढून मूळ तत्क्षणी परत देऊ’ असे सांगितले की लोक विश्वासाने येतात. त्यासाठी महिन्यातून एक दिवस ठरवावा आणि स्कॅनरपाशी दोन व्यक्ती बसवाव्यात : एकीने प्रत काढावी आणि दुसरीने आणणाऱ्याशी बोलून छायाचित्र कोणाचे, कोठले, साधारण कधीचे आणि कोणी काढलेले हे लिहून घ्यावे. घाईत हे दुसरे काम राहून जाते आणि मग संगणकात शेकडो अनोळखी चेहरे साठतात. ग्रंथालयाला प्रत ठेवण्याची व लोकांना दाखविण्याची अनुमती देणारे एक पानी संमतिपत्र त्याच वेळी भरून घ्यावे.

कागदपत्रांसाठी ३०० डीपीआय (दर इंचातील बिंदूंची संख्या) आणि छायाचित्रांसाठी ६०० डीपीआय एवढी स्पष्टता ठेवावी; जपून ठेवायची प्रत टिफ स्वरूपात आणि लोकांना दाखवायची जेपेग किंवा पीडीएफ स्वरूपात असावी, आणि जपायची प्रत निदान दोन वेगळ्या ठिकाणी असावी. मूळ कागद ग्रंथालयाकडे आलेच तर त्यांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात आणि छायाचित्राच्या मागे लिहायचे झाल्यास मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता लिहावे. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते आणि ती पुसता येत नाही.

प्रश्न : मी कोणती पुस्तके नेतो हे ग्रंथालयातील कर्मचाऱ्याने माझ्या शेजाऱ्यांना सहज बोलता बोलता सांगितले. माझी तक्रार क्षुल्लक आहे का?

उत्तर : नाही. आजाराविषयी, घटस्फोटाविषयी, कर्जाविषयी वाचणाऱ्याला ते कोणाला कळू नये असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि लहान गावात तर अधिकच. ग्रंथपालांकडे तक्रार लेखी द्यावी. संगणकीय प्रणालीत पुस्तक परत आल्यावर त्याचा वाचकाच्या नावाशी असलेला संबंध पुसून टाकण्याची सोय असते. ती चालू करण्याची विनंती करावी. जुन्या पद्धतीच्या पुस्तकपत्रांवर, म्हणजे देवघेव नोंदविण्यासाठी पुस्तकात ठेवलेल्या पत्रांवर, सभासदाचे नाव न लिहिता केवळ क्रमांक लिहावा.

प्रश्न : माझ्या आईची दृष्टी गेली आहे आणि तिला घराबाहेर पडणे जमत नाही. तिच्यासाठी ग्रंथालय काही करू शकते का?

उत्तर : नक्कीच करू शकते. अमेरिकेतील हॅगर्सटाउन येथील ग्रंथपाल मेरी टिटकॉम्ब यांनी १९०५ मध्ये घोडागाडीतून शेतवस्त्यांवर पुस्तके पाठवायला सुरुवात केली. आपल्याला घोडागाडीची गरज नाही. पंधरा दिवसांतून एकदा चार घरी जाणारा एक स्वयंसेवक पुरेसा आहे. दृष्टिहीनांसाठी सुगम स्वरूपात पुस्तकाची प्रत करणे आणि ती देशादेशांत देणेघेणे सोपे व्हावे यासाठी २०१३ चा मराकेश करार झाला व तो २०१६ पासून अमलात आहे; त्यामुळे ध्वनिपुस्तके आणि डेझी या दृष्टिहीनांसाठीच्या डिजिटल स्वरूपातील पुस्तके कोठून मिळतील याची चौकशी ग्रंथालयानेच आपल्यासाठी करावी, असा आग्रह आपण धरू शकता. अर्ज आईच्या नावाने करावा, तिला स्वतंत्र सभासद करावे, आणि कोणत्या विषयांची पुस्तके हवीत हे ग्रंथपालांनी दूरध्वनीवरून तिलाच विचारावे, असे त्यात लिहावे.