नियमाबाहेरचा ड्रायव्हर आणि रविवारचा डाव

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची पत्रे इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवावे लागले. विषय आहे तो चेंडूला नियमाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक उसळी देणाऱ्या ड्रायव्हरचा, म्हणजे गोल्फचा चेंडू सर्वात लांब मारायच्या काठीचा. गोल्फमध्ये ‘क्लब’ हा शब्द हातातल्या काठीसाठीही वापरतात आणि सभासदांच्या संस्थेसाठीही. गोंधळ टाळण्यासाठी पुढे ‘क्लब’ म्हणजे केवळ हातातली काठी असे समजावे.

प्रश्न : माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे. सैन्यातून निवृत्त झाल्यापासून मी पुण्यात आठवड्यातून तीन दिवस सकाळी गोल्फ खेळतो. २००१ मध्ये सिंगापूरला धाकट्या भावाकडे गेलो असताना मी कॅलवे कंपनीचा ‘ईआरसी टू’ हा ड्रायव्हर विकत घेतला आणि तो आजही माझ्या बॅगेत आहे. आमच्या रविवारच्या चौकडीत नव्याने आलेल्या एका बँकेतल्या निवृत्त अधिकाऱ्यांनी मोबाइलवर शोध घेऊन हा क्लब अवैध असल्याचे जाहीर केले आणि हरल्यावर द्यायची मिसळ देण्यास नकार दिला. इतकी वर्षे कोणी हरकत घेतली नाही, मग हा क्लब अचानक अवैध कसा झाला? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपले सोबती आजच्या नियमाप्रमाणे बरोबर आहेत आणि आपणही २००१ मध्ये काही चूक केली नव्हती. हे कसे, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

टायटॅनियमची पोकळ हेड, म्हणजे क्लबच्या टोकाचे चेंडूला भिडणारे भाग, तयार होऊ लागल्यावर ड्रायव्हरचा पुढचा पत्रा, म्हणजे फेस, अधिकाधिक पातळ करणे शक्य झाले. ताणलेल्या बाजेवर चेंडू टाकला की बाज थोडी दबते आणि चेंडूला परत उडवते, तसेच काहीसे या पत्र्याचे होते. अमेरिकेच्या गोल्फचे नियम सांभाळणाऱ्या यूएसजीए या संस्थेने १९९८ मध्ये या उसळीवर मर्यादा घातली. चेंडू ज्या वेगाने फेसवर येतो, त्याच्या किती पट वेगाने तो फेसपासून दूर जातो हे सांगणारा जो आकडा आहे, तो ०.८३ च्या पुढे जाता कामा नये असे ठरले. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट संस्थेने, जिचे काम आज ‘आर अँड ए’ पाहते, २००० मध्ये असे बंधन घालण्यास नकार दिला. अमेरिका आणि मेक्सिको वगळता जवळजवळ सगळे जग या दुसऱ्या संस्थेच्या नियमांवर चालते आणि भारतही त्यात येतो. त्यामुळे एकाच खेळात एकच ड्रायव्हर न्यू जर्सीत नियमबाह्य आणि पुण्यात नियमात बसणारा, अशी विचित्र स्थिती काही वर्षे होती.

याच काळात ईआरसी आला. ही अक्षरे कंपनीचे संस्थापक एली रीव्हज कॅलवे यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. पहिला ईआरसी अमेरिकेबाहेर विकला गेला. त्यानंतरचा ‘ईआरसी टू’ मात्र अमेरिकेच्या नियमात बसत नाही हे उघडपणे मान्य करून कंपनीने तो २००० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतही आणला आणि त्याच्या बाजूने उभे राहिले ते नामवंत गोल्फपटू अर्नोल्ड पामर. पामर त्या वेळी यूएसजीएच्या सदस्यता मोहिमेचे मानद प्रमुख होते, त्यामुळे वाद पेटला. जे स्पर्धा खेळत नाहीत, ज्यांना सकाळी चार मित्रांबरोबर मौज करायची आहे, त्यांनी असा क्लब वापरला तर खेळाचे काय बिघडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. यूएसजीएने उत्तर दिले की, या ड्रायव्हरने खेळलेल्या फेरीचा स्कोअर हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूच्या कौशल्याप्रमाणे त्याला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीसाठी, धरला जाणार नाही. मला स्वतःला पामर यांचे म्हणणे अर्धे पटते, अर्धे पटत नाही. मौजेच्या खेळात कोणाला काही तोटा नाही हे खरे; पण गोल्फमध्ये मौजेच्या फेरीचा आकडाही हँडिकॅपमध्ये जातो आणि तोच हँडिकॅप घेऊन माणूस दुसऱ्याशी स्पर्धा खेळतो. क्रिकेटच्या गल्लीतल्या डावासारखे ते तिथल्या तिथे संपत नाही.

२००२ च्या मे महिन्यात दोन्ही संस्थांनी एक मधला मार्ग सुचवला होता. सर्वसामान्य खेळाडूंना काही वर्षे ०.८६ पर्यंत मुभा आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धांत ०.८३, असा तो प्रस्ताव होता. पण ऑगस्टमध्ये यूएसजीएने तो मागे घेतला आणि आपल्या क्षेत्रात सर्वांसाठी ०.८३ च कायम ठेवला. आपल्याकडच्या नियमांत उच्च दर्जाच्या स्पर्धांना २००३ पासून मर्यादा लागू झाली आणि बाकी सर्वांना १ जानेवारी २००८ पासून. म्हणजे आपला ड्रायव्हर विकत घेतल्यापासून सहा-सात वर्षे आपल्या रविवारच्या खेळात पूर्ण नियमात होता आणि २००८ च्या पहिल्या दिवसापासून नाही. हे त्या वेळी आपल्याला कोणी सांगितले नाही यात नवल नाही. आपल्याकडे गोल्फची नियमपुस्तिका विकत घेणारे थोडे आणि उघडून वाचणारे त्याहून थोडे.

राहता राहिली मिसळ. नियम ४.१ नुसार अमान्य क्लबने एक फटका जरी मारला तरी शिक्षा थेट बाद होण्याची आहे. आपण चौघांनी ठरवून या नियमाकडे दुर्लक्ष केले, तरी जाणूनबुजून नियम डावलण्याचा करार करणे हेच नियम १.३ प्रमाणे बाद होण्याचे कारण आहे. तेव्हा मार्ग एकच : चौघांच्या संमतीने ईआरसी घेऊन खेळायचे असेल तर तो आपल्या चौघांचा घरगुती डाव समजावा, स्कोअर हँडिकॅपसाठी देऊ नये आणि संमती डाव सुरू होण्याआधी पहिल्या टीवर घ्यावी, शेवटच्या, अठराव्या होलवर नव्हे. ज्या रविवारी संमती न घेता आपण जिंकलात, त्या रविवारची मिसळ मात्र आपण द्यावी असे माझे मत आहे.

प्रश्न : मी व्यवसायाने यांत्रिकी अभियंता आहे. जपानहून येणाऱ्या एका मित्राकरवी मी तिथे ज्येष्ठांसाठी विकला जाणारा, जास्त उसळीचा एक महागडा ड्रायव्हर मागवला. वीस-पंचवीस यार्ड वाढतील असे विक्रेत्याने सांगितले होते. सरावाच्या रेंजवरच्या यंत्रावर चेंडूचा वेग ताशी दोन मैलांनी वाढलेला दिसला. मैदानात मात्र बॅग वाहणाऱ्या कॅडीलाही फरक जाणवला नाही. मी फसलो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : यंत्राने आपल्याला खरे तेच सांगितले. आपण अभियंता आहात, तेव्हा हिशेबच मांडू. गोल्फच्या चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असते आणि ड्रायव्हरचे हेड सुमारे २०० ग्रॅम. अगदी मधोमध बसलेल्या फटक्यात चेंडूचा वेग म्हणजे हेडचा वेग गुणिले, एक अधिक उसळीचा आकडा, आणि त्याला भागिले, एक अधिक या दोन वजनांचे गुणोत्तर. उसळी ०.८३ असेल तर उत्तर हेडच्या वेगाच्या १.४९ पट येते, ०.८६ असेल तर १.५१ पट. लॉफ्टमुळे, म्हणजे फेस मागे कललेला असतो त्या कोनामुळे, प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे कमी भरतात, पण त्यांच्यातला फरक दीड-पावणेदोन टक्क्यांचाच राहतो. आपला स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याचा वेग, ताशी ८० मैलांचा असेल तर चेंडूचा वेग ११९ वरून १२१ होतो. नेमके तेच दोन मैल आपल्या यंत्राला दिसले. चेंडूच्या वेगातला एक मैल साधारण दोन यार्ड देतो, म्हणजे आपल्याला मिळाले सुमारे चार यार्ड. पावसाळ्यानंतरच्या ओल्या फेअरवेवर, म्हणजे आखूड गवताच्या पट्ट्यावर, चेंडू घरंगळत नाही, तेव्हा याहून जास्त यार्ड तिथेच जातात.

यातली आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फटक्यात जी ऊर्जा वाया जाते तिचा मोठा भाग चेंडूच्या चपटे होण्यात जातो, फेसमध्ये नव्हे. फेस लवचीक असला की तो स्वतः दबतो, चेंडू कमी दबतो आणि म्हणून कमी ऊर्जा गमावतो. पातळ पत्र्याची सारी करामत एवढीच आहे. पण ही लवचीकता फेसच्या मध्यभागी सर्वात जास्त असते. आपल्यासारख्या आणि माझ्यासारख्या खेळाडूंचे दहातले सहा-सात फटके फेसच्या टाचेकडे नाहीतर टोकाकडे बसतात आणि तिथे या पत्र्याचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय पत्रा पातळ म्हणजे तडा जाण्याची भीतीही जास्त. म्हणूनच असे अनेक ड्रायव्हर मंद स्विंगच्या खेळाडूंसाठी म्हणून विकले जातात आणि ते आपल्या दांडगट भाच्याच्या हाती देणे महागात पडू शकते.

तेव्हा विक्रेत्याच्या वीस यार्डांतले चार खरे होते. उरलेले सोळा आपल्याला नियमातल्याच गोष्टींतून मिळू शकतात. आज हेड ४६० घन सेंटिमीटरपर्यंत मोठे करता येते आणि फटका बाजूला बसला तरी हेड फार वळू नये यासाठीचा जो गुण आहे, त्याची मर्यादाही बरीच उदार आहे. मूळ ईआरसीचे हेड याच्या तुलनेने लहान होते. मला कोणी विचारले तर मी सांगेन की चुकलेल्या फटक्यांचा हिशेब धरला असता आजचा नियमातला चांगला ड्रायव्हर त्या गाजलेल्या ईआरसीपेक्षा आपल्याला पुढे नेईल. त्याआधी लॉफ्ट तपासावा. ताशी ८० मैलांच्या स्विंगला नऊ अंशांचा ड्रायव्हर घेऊन फिरणारे मी प्रत्येक मैदानावर पाहतो. त्यांतल्या बहुतेकांना बारा अंशांचा लॉफ्ट अधिक लांब नेईल, पण बारा हा आकडा त्यांच्या अभिमानाला झेपत नाही.

प्रश्न : २०२५ च्या पीजीए चॅम्पियनशिपआधी गोल्फपटू रोरी मॅकिलरॉय यांचा ड्रायव्हर चाचणीत नापास झाला, ही बातमी आमच्या घरात बराच काळ गाजली. माझा पंधरा वर्षांचा मुलगा त्यांचा चाहता असून त्यांनी फसवणूक केली का असे तो विचारतो. मान्य असलेला ड्रायव्हर अमान्य कसा होतो? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : चिरंजीवांना निःशंकपणे सांगावे की यात फसवणूक नाही. उसळी मोजण्याची आजची पद्धत २००४ पासूनची आहे. लंबकाला बांधलेले पोलादी वजन फेसवर हलकेच आपटवतात आणि ते फेसला किती वेळ चिकटून राहते ते मोजतात. जितका वेळ जास्त, तितका पत्रा लवचीक. मर्यादा २३९ मायक्रोसेकंदांची आहे आणि वर १८ ची सूट, म्हणजे एकूण २५७. कंपन्या आपले ड्रायव्हर या रेषेच्या शक्य तितके जवळ तयार करतात. ताशी १२० मैलांच्या आसपासच्या वेगाने हजारो फटके खाल्ल्यावर पत्रा हळूहळू सैल होतो आणि कोणी काहीही न करता क्लब रेषा ओलांडतो. फेसला तडा जाण्याआधीची ही अवस्था असते, म्हणून क्लब सर्वात चांगला चालू लागला की व्यावसायिक खेळाडूंच्या मनात शंका येते, असे म्हणायला हरकत नाही.

स्पर्धेच्या मैदानावर, क्वेल हॉलोला, त्या आठवड्यात मॅकिलरॉय एकटे नव्हते. जगातील अव्वल खेळाडू स्कॉटी शेफलर यांचाही ड्रायव्हर नापास झाल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. त्यांनी दुसरा ड्रायव्हर घेतला आणि पाच फटक्यांच्या फरकाने स्पर्धा जिंकली. उसळीच्या दोन-चार यार्डांवर जिंकणे-हरणे ठरत नाही याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही. वाद निर्माण झाला तो निकाल गुप्त ठेवायचा असताना एकाच खेळाडूचे नाव बाहेर आले म्हणून. २०१९ मध्ये रॉयल पोर्टरश येथील ओपन स्पर्धेत खेळाडू झँडर शॉफली यांच्याबाबतही असेच घडले. निवडक तीस खेळाडूंचे क्लब तपासले गेले होते, तर तपासायचे तर मैदानातल्या १५६ जणांचे तपासा, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. मला त्यांची मागणी रास्त वाटते. रांगेतल्या चार जणांचे तिकीट पाहणारा तपासनीस फुकट्यांना शोधत असेल, पण ज्याचे तिकीट फाटके निघाले त्याच्या नावाची घोषणा फलाटावर करण्याचे त्याला कारण नाही.

आपल्या घरच्या ड्रायव्हरची काळजी नसावी. मॉडेल मान्य असेल तर नेहमीच्या वापरातल्या झिजेला नियम ४.१ मध्ये मुभा आहे; चाचणीची तलवार फक्त वरच्या स्तरावर लटकत असते.

प्रश्न : जुना, अमान्य ड्रायव्हर नुसता बॅगेत ठेवला तर स्पर्धेत बाद व्हावे लागते का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : नाही. २०१९ च्या नियमांपासून नुसता बाळगल्याची शिक्षा नाही. त्याने फटका मारला तरच आहे. बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात, त्या मोजणीत तो मात्र धरला जातो, म्हणून शोभेसाठी ठेवायचा असेल तर घरच्या भिंतीवर ठेवावा.

प्रश्न : वापरलेला ड्रायव्हर विकत घेताना तो मान्य आहे की नाही हे दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून न राहता कसे ओळखावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : यूएसजीए आणि आर अँड ए यांनी मान्य हेडची यादी ठेवलेली आहे आणि ती कोणालाही पाहता येते. केवळ मॉडेलच्या नावावर विसंबू नये; एकाच नावाची मान्य आणि अमान्य अशी दोन्ही हेड असू शकतात, म्हणून लॉफ्टचा आकडा आणि तळव्यावर कोरलेली प्रत्येक खूण यादीतल्या छायाचित्राशी ताडून पाहावी. जपानच्या बाजारासाठी तयार झालेल्या हेडबाबत हे विशेष काळजीने करावे. दुकानदाराने हेड पॉलिश करून खुणा घालवल्या असतील तर किंमत कितीही कमी असली तरी ते घेऊ नये. फेसवर नखाने हलकेच टिचकी मारून पाहावी; आवाज फुटक्या घंटेसारखा आला तर आत तडा गेलेला असण्याची शक्यता आहे.