‘आमच्या घरात असं कुणी बोलत नाही’

“मॅडम, आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. मग हा शिकला कुठून?”

मी मुलांची समुपदेशक. हा प्रश्न घेऊन येणारे पालक मला नवे नाहीत. गेल्या वर्षी आलेलं जोडपं नाशिकच्या पंचवटीतलं. वडिलांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, आई नोकरी करणारी, मुलगा पाचवीत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वर्गात एका नव्या मुलीला त्याच्या बाकावर बसवलं, तर हा उठून उभा राहिला. म्हणाला, “ही सुरगाण्याची आहे. वास येतो.” सुरगाणा म्हणजे नाशिक जिल्ह्यातला आदिवासी तालुका. बाईंनी त्याला तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं.

आईचे डोळे भरून आले होते. “अहो, एप्रिलमध्ये यानं काळाराम सत्याग्रहावर भाषण केलं. बक्षीस मिळालं!” खरंच होतं ते. २ मार्च १९३० ही तारीख, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, मंदिरप्रवेशासाठी चाललेला पाच वर्षांचा लढा, सगळं त्याला तोंडपाठ. मंदिर घरापासून चालत दहा मिनिटांवर.

आधी मीच चुकले. ठरलेला सल्ला देऊन मोकळी झाले : त्या भागातल्या लोकांशी त्याची ओळख होऊ द्या, मिसळू द्या. वडील हसले. “ओळख? मॅडम, हा रांगायला लागला तो मजुरांच्या टोळीसमोर. दर हंगामात सुरगाण्याची, पेठची माणसं असतात आमच्याकडं. छाटणी, पेस्ट, डिपिंग, विरळणी, सगळं तीच करतात. मी कधी कुणाला वाईट बोललो नाही, मजुरीही थकवली नाही.”

मी गप्प बसले. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की नुसत्या संपर्कानं पूर्वग्रह जात नाही. दोन्ही बाजूंचा दर्जा सारखा हवा, काम एकमेकांच्या साथीनं करायचं हवं, आणि ज्यांचा शब्द चालतो त्यांचा पाठिंबा हवा. असमान ओळख तर उलट पूर्वग्रहाला खतपाणीच घालते. हे मीही परीक्षेसाठी पाठ केलेलं. त्या पोराच्या भाषणासारखंच.

मग बागेतलीच चौकशी सुरू केली. चहा कुठे देता? घरच्यांना ओट्यावर कपात, टोळीला मोटारीच्या खोलीतल्या स्टीलच्या ग्लासात. मुलगा त्यांना काय म्हणतो? पन्नाशीच्या बाईला एकेरीत, नावानं. आणि त्या त्याला? “छोटे शेठ.” टोळीत किती जण? “बारा.” नावं? त्यांनी मुकादमाचं सांगितलं, आणखी एक आठवलं आणि थांबले. हिशोबाच्या वहीत ‘सुरगाणा टोळी, १२’ एवढंच होतं.

घरात कुणी काही बोललं नव्हतं, हे शंभर टक्के खरं. बोलायची गरजच नव्हती. कोण कुठे बसतं, कोणाचा ग्लास कुठे असतो, कोणाला नावानं हाक मारायची, हे मूल पाहतच असतं.

मुलाशी एकट्यानं बोलले. “वास कोणाला आला? कधी?” बराच वेळ विचार करून तो म्हणाला, “बागेत येतो. फवारणीच्या दिवशी.”
“पप्पांना येतो?”
“येतो ना. पण तो गंधकाचा.”

पप्पांचा वास गंधकाचा आणि टोळीचा वास टोळीचा! आपल्या माणसाच्या बाबतीत आपण परिस्थिती पाहतो, परक्याच्या बाबतीत त्याचा स्वभाव, त्याची जात. मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटीग्रू यांनी १९७९ मध्ये या खोडीवर लिहिलंय, पण एका दहा वर्षांच्या मुलानं ती दोन वाक्यांत मांडलेली मी पहिल्यांदाच ऐकली. गंमत म्हणजे त्या मुलीचे वडील नाशिकमध्येच कारकून आहेत. बागेशी त्यांचा संबंध नाही. वास नाकाला आलाच नव्हता. गावाचं नाव कानावर पडलं, एवढंच.

पालकांना एक गोष्ट सांगते. मूल असं बोललं की आपण “शू! असं बोलू नये” म्हणतो. त्यातून मूल एवढंच शिकतं की हे मोठ्यांसमोर बोलायचं नाही. त्यापेक्षा विचारावं : तू हे कुठे पाहिलंस? नेमकं कोणाबद्दल? उत्तर ऐकून आपल्यालाच घाम फुटण्याची तयारी मात्र हवी.

विरळणीच्या दिवसांत एक बदल केला. ज्या पन्नाशीच्या बाईंना तो एकेरीत हाक मारायचा, त्याच मावशींच्या हाताखाली मुलगा रविवारी उभा राहिला, शिकाऊ म्हणून. घडातले कोणते मणी काढायचे नि कोणते ठेवायचे, हे वडिलांपेक्षा त्यांना चांगलं कळतं, हे वडिलांनी त्याच्यासमोर कबूल करायचं होतं. हे त्यांना ग्लास बदलण्यापेक्षा जड गेलं. दोन रविवार टाळाटाळ झाली. तिसऱ्या रविवारी मावशींनी मुलाचा हात धरून कात्री थांबवली. “घाई करतो. तुझ्या बापासारखाच.” वडिलांनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना राग आला होता की हसू, कळलं नाही.

आणि ती मुलगी? खरं तर तिच्याकडे आधी जायला हवं होतं. आपल्याकडे खोड ज्याची, समुपदेशन त्याचं. ज्याला लागलं तो आपला आपण बरा होतो असं धरून चालतात. बाईंच्या त्या जाहीर सॉरीनं, ज्या मुलांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही कळलं होतं. ती दोनदा आंघोळ करायला लागली, दप्तरात पावडरचा डबा ठेवायला लागली. गाव विचारलं की ‘दिंडोरी’ सांगायची. आजीचा फोन आला की बोलीभाषेत बोलायचं टाळायची. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९४० च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुतेकांनी गोरी बाहुली चांगली ठरवली होती. लोकांची नजर आपल्या आत शिरते ती अशी.

तिला मी “तू मनावर घेऊ नकोस” म्हटलं नाही. “जे झालं ते चूक होतं, आणि चूक तुझी नव्हती” एवढं म्हटलं, तिच्या आईसमोर. पावडरचा विषय काढला नाही.

जानेवारीत मुलगा तिची माफी मागायला तयार झाला, आपणहून, एकट्यानं. मी आधी तिला विचारलं. ती म्हणाली, “सॉरी नको. मला दुसरा बाक द्या.”

बाईंना ते पटलं नाही. आता तर दोघांना मुद्दाम शेजारी बसवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी तिला दुसरा बाक द्यायला लावला.