गिटारीचं भोक बाहेर कसं आलं?

प्रश्न : सर, मुलगी बारावीनंतर आर्ट कॉलेजात जायचं म्हणते. परवा म्हणाली, पिकासोने आफ्रिकेतले मुखवटे उचलले. मग ही आधुनिक कला की नक्कल? (एक आई, डिचोली)

उत्तर : ताई, मुलगी खोटं बोलत नाही. १९०७ साली पिकासो पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकेतले मुखवटे बघून आला आणि त्याच वर्षीच्या 'अविन्योंच्या तरुणी' या चित्रात उजवीकडच्या दोघींचे चेहरे मुखवट्यासारखे झाले. चित्रकलेच्या तासाला मी वर्षानुवर्षं चित्र आणि मुखवटा शेजारी ठेवून दाखवले. पोरं ओरडायची, 'सेम टू सेम!' मीही खूश. आता तसं शिकवणार नाही.

आता गिटार दाखवीन. १९१२ साली पिकासोने पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रेबो लोकांचा एक मुखवटा विकत घेतला. आपण मातीचा चेहरा करताना डोळ्याच्या जागी बोट खुपसून खड्डा करतो. ग्रेबो कारागीर तिथे नळकांडं बसवतो. खोल हवं ते बाहेर, तरी आपल्याला डोळाच दिसतो! त्याच वर्षी पिकासोने पुठ्ठ्याची गिटार केली, मग पत्र्याची. तिच्या भोकाच्या जागी त्याने नळीच पुढे काढली. गोव्यात गिटार शेजारपाजारी सापडेलच. मुलीला त्या गिटारीच्या भोकात बोट घालून बघायला सांगा, मग हे पटेल. पिकासोची गिटार कुठल्याच मुखवट्यासारखी दिसत नाही. तिला नक्कल कशी म्हणणार? एका अनाम सुताराकडून तो युक्ती शिकला.

'अनाम' हा शब्द मात्र मला टोचतो. पिकासोचं नाव जगभर, आणि कोरणाऱ्याचं नाव नोंदवायची तसदी बहुधा कुणी घेतली नाही. शिवाय युरोपात गेलेलं सगळंच काही विकत घेतलेलं नव्हतं. आजच्या नायजेरियातल्या बेनिनच्या राजवाड्यातली पितळी शिल्पं १८९७ साली इंग्रज फौजेने लुटून नेली.

आणखी एक. आपल्या गोव्यातल्या पेरणी जागरातला, म्हणजे पेरणी समाजाच्या मुखवट्यांच्या लोकनाट्यातला, लाकडी मुखवटा तोंडावर चढतो, नाचतो. खुंटीला टांगलेला बघून जागर कळेल का? पॅरिसमध्ये आफ्रिकेतले मुखवटे असेच आले, नाच मागे ठेवून.

मुलीला ग्रेबो मुखवट्याचा फोटो दाखवाल तेव्हा बाजूने काढलेला शोधा. समोरून नळकांडं नुसतं गोल दिसतं.