अल्ब्युमिनचा आकडा नंतर, आधी तारीख मोजा

प्रश्न : अपघातात भावाच्या नडगीचं हाड उघडं पडलं. मांडीचा फ्लॅप (रक्तवाहिनीसह उचललेला त्वचा-मांसाचा तुकडा) काढून तिथे बसवला. नवव्या दिवशी तो काळा पडला म्हणून काढावा लागला. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, की ऑपरेशनआधीच अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) २.६ होतं, धोका रक्तात दिसत होता. राज्य वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली आहे. तिचा निकाल आला की ग्राहक आयोगात जाऊ. या रिपोर्टवर केस उभी राहील का?

उत्तर : तुमच्या पत्रात अल्ब्युमिन चार वेळा आलंय. फ्लॅप काढल्याची तारीख मात्र मला सोबतच्या डिस्चार्ज कार्डावर शोधावी लागली. येत्या महिन्याच्या १९ तारखेला तिला दोन वर्षं होतात. सगळं त्या तारखेवर अडलंय.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ६९ सांगतं, की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं तिथून दोन वर्षं मोजायची, असं तुम्ही धरून चालला आहात. यावर विसंबू नका. ऑपरेशनवेळी पोटात गॉज (जाळीदार कापडी पट्टी) राहिल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हाच मुद्दा तपासला. इजा तेव्हाच उघड दिसत असेल तर मुदत तेव्हापासून. दडलेली असेल तर ती कळली, किंवा नीट चौकशी केली असती तर कळली असती, तेव्हापासून. त्यातल्या रुग्ण बाई अनुभवी परिचारिका होत्या. नऊ वर्षं दुखत असताना त्यांनी सर्जनला विचारलं नाही, म्हणून गॉज सापडूनही त्यांची तक्रार मुदतबाह्य ठरली. तुमच्या भावाचा फ्लॅप तर तुमच्या डोळ्यांदेखत गेला, आणि रिपोर्ट पहिल्या दिवसापासून तुमच्याच पिशवीत होता.

परिषदेचं म्हणाल, तर ती डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई करू शकते, नुकसानभरपाई देऊ शकत नाही. तिथे तक्रार प्रलंबित आहे म्हणून आयोगाची मुदत थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही थांबत नाही. ‘तिथला निकाल येऊ दे, मग बघू’ असं म्हणत वर्ष घालवलेली माणसं मला सतत भेटतात आणि दर वेळी जीव तुटतो. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि ते मान्य करायचं की नाही हे आयोगाच्या हातात. हातात महिना असताना त्या वाटेला जायचंच कशाला?

आता रिपोर्टकडे. ३.५ च्या खालचं अल्ब्युमिन जखम न भरण्याशी, संसर्गाशी जोडलं जातं, हे खरं. पण मोठ्या दुखापतीनंतर शरीरात दाह उसळतो आणि त्यानेच अल्ब्युमिन खाली येतं. त्याचं रक्तातलं अर्धायुष्यच (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे वीस दिवसांचं, म्हणजे सुधारायला आठवडे हवेत. उघडं हाड तितके दिवस झाकल्याशिवाय ठेवता येत नाही, असं समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. ठरवून, सवडीने करायची शस्त्रक्रिया असती तर मी वेगळं लिहिलं असतं. हा धोका संमतीपत्र घेताना समजावून सांगितला होता का, एवढा प्रश्न त्या आकड्यातून जरूर उरतो.

मला जास्त बोलका वाटला तो तुम्ही शेवटी, बहुधा पानं भरायला म्हणून, जोडलेला कागद. तिसऱ्या दिवशी सीआरपी (दाह वाढला की रक्तात वाढणारं प्रथिन) ११८, सहाव्या दिवशी २०४. ऑपरेशननंतर सीआरपी चढतोच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जातो आणि मग उतरायला लागतो. इथे तो उतरायच्या ऐवजी पुन्हा चढला. त्या रिपोर्टच्या कोपऱ्यात वेळ छापली आहे, सकाळी ९.४०. डिस्चार्ज कार्डात पुढची नोंद थेट आठव्या दिवसाची, ‘फ्लॅपच्या कडा काळ्या’. मधल्या दोन दिवसांत पट्टी उघडून फ्लॅप कुणी पाहिला का? रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो, आणि तुमच्याकडे बिघाड त्यानंतर दिसला. हे निष्काळजीपणात मोडतं का, हे मी ठरवू शकत नाही. प्लास्टिक सर्जनचं लेखी मत लागेल. नर्सिंगच्या नोंदींत तपासणी लिहिलेली निघाली तर हा मुद्दा विरघळेलही.

त्या नोंदी तुमच्याकडे नाहीत, आणि दोन वर्षांत एकदाही मागितल्या नाहीत, याचा मला खरंच राग आला. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावी लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात. आजच भावाच्या सहीने संपूर्ण फाईलसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मात्र फाईल येईपर्यंत तक्रार रोखू नका. हाती आहेत त्या कागदांवर ती दाखल करा. ऑनलाइनही करता येते. उरलेली कागदपत्रं रुग्णालयाने हजर करावीत, असा अर्ज आयोगापुढे देता येतो.

निकाल किती दिवसांत, तर कायद्यात तीन ते पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात वर्षं जातात, तेवढी तयारी ठेवा. पोलिसांत जाण्याचं सध्या मनात आणू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर त्यासाठी अतिशय गंभीर निष्काळजीपणा आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं.

तक्रारदार म्हणून भावाचं नाव आणि त्याचीच सही असू दे. सीआरपीचे दोन्ही रिपोर्ट मूळ प्रतीत जपा आणि आजच त्यांच्या झेरॉक्स काढा, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत छापील वेळेची शाई आत्ताच फिकट दिसतेय.