एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) संघाने तिशी ओलांडलेल्या पास रशरसाठी (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चालून जाणारा बचावपटू) ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) द्यावेत का?

द्यावेत, पण संघ जेतेपदाच्या अगदी जवळ असेल तरच. अजून बांधणी चालू असलेल्या संघाने या वाटेला जाऊच नये.

व्हॉन मिलरचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला डेन्व्हर ब्रॉन्कोसकडून घेतलं, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. बदल्यात २०२२ चे दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे पिक गेले. महाग वाटतं ना? पण उरलेल्या पगाराचा बहुतेक भार डेन्व्हरनेच उचलला. शिवाय रॅम्सकडे आतून मुसंडी मारणारा ॲरन डोनाल्ड होता. त्याला अडवायला समोरचे दोन-दोन खेळाडू लागायचे, त्यामुळे कडेला मिलरला एकास एक झुंज मिळायची. वय झालेल्या रशरला हीच मोकळीक हवी असते! सुपर बोलमध्ये, म्हणजे जेतेपदाच्या अंतिम सामन्यात, मिलरने सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो याला दोनदा सॅक केलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं, आणि रॅम्स २३-२० ने जिंकले.

पुढचं मात्र विसरू नका. त्यानंतर लगेच बफेलो बिल्सने त्याच्याशी सहा वर्षांचा करार केला. पहिल्याच हंगामात गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, आणि २०२३ च्या हंगामात त्याच्या नावावर एकही सॅक नाही.

म्हणून मी नावापेक्षा करार आधी बघेन. तो हंगामाअखेर संपत असेल, तर दुसऱ्या फेरीचा पिकही देईन. पुढच्या दोन-तीन वर्षांची हमीची रक्कम गळ्यात पडणार असेल, तर नाही.