'आभासी जग' हा शब्द बरोबर आहे का?

प्रश्न असा आहे: संगणकाने उभ्या केलेल्या व्हर्च्युअल वर्ल्डला 'आभासी जग' म्हटलं की ते खोटं, भ्रमाचं वाटतं. मग हा शब्द बदलायला नको का?

माझ्या मते जगापुरता तो अगदी योग्य आहे. त्या जगातल्या सरसकट सगळ्याला 'आभासी' चिकटवणं मात्र चूक.

आभास म्हणजे निव्वळ खोटं नव्हे. काल्पनिक गोष्ट मनात असते; आभास डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो. शाळेत आरशातल्या प्रतिमेला 'आभासी प्रतिमा' म्हणतात ते त्यामुळेच: आरशामागे काही नसतं, तरी प्रतिमा तिथेच दिसते. संगणकातलं दृश्य डोळ्यांपुढे उभं करणारा हेडसेट चढवून कड्याच्या टोकावर उभं राहिलं की पाय लटपटतात. कडा नाही, पण दिसतो. त्याला 'आभासी'च म्हणायला हवं.

गोची पुढे होते. 'व्हर्च्युअल'चं मूळ लॅटिन 'व्हर्टस', म्हणजे गुण, सामर्थ्य. नावाने नसलेलं पण परिणामाने असलेलं, असा त्याचा अर्थ होत गेला. इंग्रजी शब्दाचा भर परिणाम आहे यावर, आपल्या शब्दाचा भर वस्तू नाही यावर. पण दोरीवर सापाचा आभास झाला तरी अंगावर आलेला काटा खराच असतो ना!

नेदरलँड्समधला एक खटला बघा. दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून, चाकूचा धाक दाखवून 'रूनस्केप' या ऑनलाइन खेळातला त्याचा ताईत आणि मुखवटा स्वतःच्या खात्यावर वळवून घेतला. ही 'वस्तू'च नाही, मग चोरी कसली, असा बचाव झाला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तो फेटाळला. त्या गोष्टी मिळवायला घातलेला वेळ आणि मेहनत यांमुळे त्यांना मोल आहे, असं म्हटलं. ताईत आभासी, चोरी खरी.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे: जे तिथे नाही, तेवढंच आभासी. शिकाऊ डॉक्टर संगणकातल्या रुग्णावर हात बसवतात तेव्हा रुग्ण आभासी, सराव खरा. 'सेकंड लाइफ' या ऑनलाइन जगात २००३पासून लोक घरं, कपडे विकतात. तिथल्या लिंडन डॉलर या चलनाचे खरे डॉलर करून घेता येतात, तेव्हा कमाई आभासी नाही. आणि 'आभासी छळ' हा शब्दप्रयोग तर मला अजिबात मान्य नाही. एखाद्या मुलीच्या अवताराला, म्हणजे त्या जगातल्या तिच्या रूपाला, घेरून चाळे केले, तर भीती आणि अपमान तिच्या वाट्याला येतो. 'आभासी' म्हटलं की तिची तक्रार आपोआप हलकी होते.

(अवतार हा आपलाच शब्द. १९८६च्या सुमारास 'हॅबिटॅट' या खेळात पडद्यावरच्या आपल्या रूपाला तो वापरला गेला. मराठीत 'काय हा अवतार!' म्हणताना आपणही बाह्य रूपच बघतो, त्यामुळे हा अर्थ सहज रुजला.)

पुढे चष्म्यातून खऱ्या रस्त्यावरच चित्रं, पाट्या, माणसं उमटायला लागली की वेगळं 'जग' उरणार नाही. तिथे 'मिश्र वास्तव' हा शब्द चालेल. आणि सभेच्या सूचनेत 'आभासी पद्धतीने बैठक' लिहू नका. बैठक खरीच होते, माणसं फक्त लांब असतात. 'ऑनलाइन बैठक' किंवा 'दूरस्थ बैठक' लिहा.